मोबाईल, ईमेल आणि सोशल मीडियावरचा पुरावा कोर्टात कसा न्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाणी आणि कौटुंबिक दाव्यांचं काम करताना पक्षकार ज्या शंका घेऊन येतात आणि धाकटे सहकारी वकील कोर्टाच्या व्हरांड्यात ज्या विचारतात, त्यांतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंका इथे उत्तरांसह दिल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. त्यामुळे जुनी माहिती वाचून आलेल्यांचा गोंधळ होतो. घाईत असाल तर निदान प्रश्न ३ आजच वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

१. व्हॉट्सॲप चॅट, ईमेल, फेसबुक पोस्ट कोर्टात पुरावा म्हणून चालतात का?

चालतात. नव्या अधिनियमाच्या कलम २ मध्ये ‘दस्तऐवज’ या शब्दातच इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल नोंदी धरल्या आहेत. उदाहरण म्हणून ईमेल, सर्व्हरच्या नोंदी, लॅपटॉप किंवा स्मार्टफोनमधले दस्तऐवज, मेसेज, वेबसाइट, लोकेशन, व्हॉइस मेल ही नावंही दिली आहेत. कलम ६१ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आहे म्हणून पुरावा नाकारता येणार नाही.

पण चालणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं आणि न्यायाधीशांनी त्यावर विसंबणं आणखी वेगळं. चॅट रेकॉर्डवर आलं, निशाणी पडली (कोर्टाने त्याला पुराव्याचा क्रमांक दिला), तरी ‘तो नंबर माझा नव्हताच’ असं समोरचा म्हणाला की ते शाबीत करायची जबाबदारी तुमच्यावरच येते.

२. स्क्रीनशॉट काढून प्रिंट दिली तर पुरत नाही का?

एकट्या प्रिंटवर विसंबू नका. पक्षकार आणतात त्या स्क्रीनशॉटमध्ये वर नाव असतं ‘दूधवाले काका’ किंवा ‘बंडू ऑफिस’. ते नाव तुम्ही तुमच्या फोनमध्ये ठेवलेलं असतं, त्यावरून माणूस ओळखता येत नाही. मेसेजच्या वर तारखेऐवजी ‘आज’ किंवा ‘काल’ असतं, कारण स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढलेला असतो. मधले दोन मेसेज नको म्हणून गाळलेले असतात आणि उलटतपासात पहिला प्रश्न त्याच दोन मेसेजवर येतो.

स्क्रीनशॉट काढायचेच असतील तर आधी त्या व्यक्तीच्या माहितीचं पान उघडून पूर्ण मोबाईल नंबर दिसेल असा एक काढा. मग संभाषण सुरुवातीपासून सलग घ्या, प्रत्येक चित्रात आधीच्या चित्रातला शेवटचा मेसेज यायला हवा. तरीही स्क्रीनशॉट म्हणजे मूळ पुराव्याची नक्कलच. मूळ वस्तू फोनमध्ये आहे आणि ती जपायची आहे.

३. अजून दावा किंवा फिर्याद दाखल केलेली नाही, पण वाद होणार हे दिसतंय. आज काय करू?

याच टप्प्यावर सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फोन बदलू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. उसने दिलेल्या पैशांची कबुली समोरच्याने व्हॉट्सॲपवर तीन वेळा दिली होती, एकदा तर ‘दिवाळीनंतर सगळे देतो’ असा व्हॉइस मेसेजही होता. नोटीस पाठवली, दावा दाखल केला, आणि मधल्या काळात त्यांनी जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊन नवा घेतला. बॅकअप घ्यायचा राहिला. हातात उरले चार स्क्रीनशॉट, तेही मुलाच्या फोनवर पाठवलेले. पैसे खरे, कबुली खरी, पण ती सिद्ध करताना आमची जी दमछाक झाली ती मी विसरलेले नाही. तेव्हापासून पहिल्या भेटीत कागदपत्रांच्या आधी मी फोनबद्दलच विचारते.

तो फोन फॉरमॅट करू नका, दुरुस्तीला देताना डेटा पुसला जाणार नाही याची खात्री करा. त्या संभाषणात आपोआप मेसेज नाहीसे होण्याची सोय चालू आहे का ते बघा. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर लावलेली असू शकते. असेल तर लगेच बंद करा आणि आत्ता दिसतंय ते एक्सपोर्ट करून ठेवा (कसं ते प्रश्न ४ मध्ये). ईमेल असेल तर इनबॉक्समधलं मूळ ईमेल तसंच राहू द्या. फॉरवर्ड केलेली प्रत त्याची जागा घेत नाही, कारण मूळ हेडरमधली (ईमेलसोबतच्या तांत्रिक नोंदीतली) पाठवण्याची वाट त्यात उरत नाही.

कंपनी, सोसायटी किंवा संस्था असेल तर लेखी सूचना काढा: अमुक विषयाचे ईमेल, हिशेबाच्या फाइली, ग्रुपवरची चर्चा पुढची सूचना येईपर्यंत कुणीही पुसायची नाही. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाचा लॅपटॉप दुसऱ्याला देण्याआधी त्याची प्रत घ्या. ही सूचना कुणी, कधी, कुणाला दिली याची नोंदही ठेवा.

आणि समोरच्यालाही वकिलामार्फत नोटीस द्या की या विषयाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी जपून ठेवा. पुढे त्याने त्या पुसल्या तर ही नोटीस मोलाची ठरते (प्रश्न १५).

४. व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करताना काय लक्षात ठेवायचं?

चॅटच्या मेनूत ‘एक्सपोर्ट चॅट’ असतं. त्यातून एक साधी मजकुराची फाइल मिळते, आणि ‘मीडियासह’ निवडलं तर फोटो व व्हॉइस मेसेजही. फार जुनं, लांबलचक चॅट एका वेळी पूर्ण निघत नाही, म्हणून पहिला मेसेज कुठल्या तारखेचा आला ते तपासा. या फाइलमध्येही नंबरऐवजी तुम्ही सेव्ह केलेलं नाव येतं, आणि निळ्या टिका येत नाहीत. म्हणून एक्सपोर्ट आणि प्रश्न २ मधले स्क्रीनशॉट दोन्ही हवेत.

फाइल मिळाली की ती उघडून ‘नीट’ करू नका. शुद्धलेखन सुधारणं, नको त्या ओळी काढणं, पुन्हा सेव्ह करणं, यांतल्या एकानेही ती फाइल मूळ राहत नाही. एक प्रत पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी ठेवा, वाचायला दुसरी वापरा.

५. ‘६५-बी’चं सर्टिफिकेट लागतं की ‘६३’चं?

इलेक्ट्रॉनिक नोंद कुठल्या साधनातून, कशी घेतली हे सही करून सांगणारा दाखला म्हणजे हे सर्टिफिकेट. त्यातलं कुठलं लागतं ते तुमची कारवाई कधीची आहे त्यावर ठरतं. जुन्या कायद्यात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आला तेव्हा कलम ६५-ए आणि ६५-बी घातली गेली. नव्या अधिनियमात त्या जागी कलम ६३ आहे. ते लागू होण्याआधीच दावा, खटला, तपास किंवा अपील प्रलंबित असेल तर कलम १७० नुसार जुना कायदा चालतो, म्हणजे ६५-बी. त्यानंतरच्या प्रकरणात ६३. कोर्टात बोलताना सवयीने सगळेच अजून ‘६५-बी’ म्हणतात. बोलण्यात चालेल, पण दाखल्याच्या मथळ्यावर कलम बरोबर असू द्या.

६. कलम ६३ च्या दाखल्यात नेमकं काय लिहायचं?

अधिनियमाच्या शेवटी अनुसूचीत नमुनाच दिला आहे, स्वतःचा मसुदा बनवत बसू नका. भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने.

भाग अ मध्ये नोंद कुठल्या साधनातून घेतली ते निवडायचं असतं: मोबाईल, संगणक, डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र), पेन ड्राइव्ह, सर्व्हर, क्लाउड वगैरे. मग कंपनी आणि मॉडेल, रंग, सिरीयल नंबर, आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. (फोनवर स्टार-हॅश-०६-हॅश डायल केलं की आयएमईआय दिसतो.) ते साधन कायदेशीररीत्या तुमच्या ताब्यात होतं, नेहमीच्या वापरात होतं, त्या काळात नीट चालत होतं हेही लिहायचं. बंद पडलं असेल तर त्याचा नोंदीवर परिणाम झाला नाही हे सांगायचं. शेवटी हॅश व्हॅल्यू (प्रश्न ७), तारीख, ठिकाण आणि वेळ २४ तासांच्या पद्धतीने.

दाखल्यावर सही कुणाची? ते यंत्र किंवा ते काम ज्याच्या अखत्यारीत आहे त्याची. मुलाच्या फोनमधलं चॅट असेल तर वडिलांनी सही करून भागत नाही. ही चूक मी दर दोन-तीन महिन्यांनी पाहते.

७. हॅश व्हॅल्यू म्हणजे काय? ती कशी काढतात?

फाइलच्या बोटाचा ठसा समजा. गणिती रीतीने त्या फाइलमधून अक्षर-अंकांची एक साखळी निघते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी साखळी पूर्ण वेगळी येते. अनुसूचीत एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ आणि ‘इतर’ असे पर्याय आहेत. मी एसएचए-२५६ घ्यायला सांगते, कारण बाकी दोन आता कच्च्या मानल्या जातात. ती ६४ अक्षरांची असते. विंडोज संगणकात ‘सर्टयूटिल’ नावाच्या आज्ञेने ती काढता येते, वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. हॅशचा अहवाल दाखल्याला जोडायचा असतो.

इथे एक खड्डा आहे. पक्षकार मूळ फोटो मला व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवतात. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, फोटो कधी काढला वगैरे माहिती गळून जाते, आणि माझ्याकडे आलेल्या फोटोची हॅश मूळ फोटोशी जुळत नाही. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. त्याहून बरं म्हणजे फोन घेऊन या.

८. भाग ब वर सही करणारा ‘तज्ज्ञ’ कोण?

कलम ६३ मध्ये तज्ज्ञ म्हणजे कोण याची व्याख्या नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली केंद्र सरकारने अधिसूचित केलेले इलेक्ट्रॉनिक पुरावा परीक्षक आहेत आणि त्यांच्या मताला कलम ३९ मध्ये स्थान आहे. फौजदारी प्रकरणात पोलिसांमार्फत मुद्देमाल शासकीय न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो. दिवाणी दाव्यात सामान्य माणसाने प्रत्येक चॅटसाठी तिथे जाणं शक्य नसतं, म्हणून संगणक-तंत्रज्ञानाचं शिक्षण आणि अनुभव असलेल्या व्यक्तीचा भाग ब दिला जातो. अशा वेळी तिच्या पात्रतेची कागदपत्रं जोडा आणि साक्षीला येण्याची तिची तयारी आधी विचारून घ्या. फॉर्मवर नुसता शिक्का मारून देणाऱ्याकडे जाऊ नका. उलटतपासात हॅश म्हणजे काय हे त्याला सांगता आलं नाही तर दाखल्यासकट सगळं कोसळतं.

९. मूळ फोनच कोर्टात हजर केला तर दाखला लागतो का?

जुन्या कायद्याखाली उत्तर स्पष्ट आहे: फोनचा मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला, हे यंत्र माझं आणि मी वापरत होतो असं सांगून त्याने मूळ नोंद दाखवली, तर दाखला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच सांगितलं (प्रश्न १०). नव्या अधिनियमाने कलम ५७ मध्ये प्राथमिक (म्हणजे मूळ धरल्या जाणाऱ्या) पुराव्याची कक्षाही वाढवली: एकाच वेळी अनेक ठिकाणी साठवलेली नोंद असेल तर प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा, आणि योग्य ताब्यातून आलेली नोंद वादग्रस्त नसेल तर तीही प्राथमिक.

तरी माझा सल्ला: फोन दाखवणार असलात तरी दाखला तयार ठेवा. दावा पाच वर्षं चालला, तर तोवर बॅटरी फुगते, स्क्रीन जातो.

१०. नोंद दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि तो दाखला द्यायला तयार नाही. मग?

यावरचा देशभर मानला जाणारा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुनराव खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिलं. मुद्दा असा की २७ सप्टेंबर हा उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस होता, मुदत दुपारी तीनची, आणि खोतकरांचा अर्ज त्यानंतर दिला गेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांत ते चित्रित झालं होतं. सीडी मिळाल्या, पण ६५-बीचा दाखला मात्र अधिकारी पुन्हा पुन्हा मागूनही देईनात.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या साक्षीत आलेली माहिती पुरेशी धरली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे प्रश्न मोठा झाला, कारण २०१४ चा अनवर विरुद्ध बशीर हा निकाल दाखला बंधनकारक म्हणत होता, तर २०१८ च्या एका निकालाने त्यात सवलत दिली होती. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दाखला बंधनकारकच आहे असं ठरवलं, २०१८ ची सवलत मोडीत काढली. पण त्याच निकालात सांगितलं की ज्याने दाखल्यासाठी शक्य ते सगळं केलं, त्याला दुसऱ्याच्या नकाराची शिक्षा देता येणार नाही. जे करणं माणसाच्या हातात नाही ते कायदा मागत नाही.

म्हणून रस्ता असा: आधी लेखी मागणी करा आणि पोच ठेवा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर कोर्टात अर्ज करा की संबंधिताला दाखला देण्याचा आदेश व्हावा. तोंडी मागितलं, फोन केला, चकरा मारल्या, याचा रेकॉर्डवर काही उपयोग होत नाही.

११. दाखला जोडायचा राहून गेला. सगळं संपलं का?

नाही. कलम ६३ म्हणतं की नोंद दाखल करताना प्रत्येक वेळी दाखला सोबत हवा, तेव्हा आधी द्यावा हेच बरं. पण खटला संपेपर्यंत योग्य प्रकरणात तो नंतरही घेता येतो. २००८ च्या बंगळूर बॉम्बस्फोटांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तशी परवानगी दिली.

उलट बाजूही लक्षात ठेवा. समोरच्याने दाखल्याविना कॉल रेकॉर्ड आणलं आणि निशाणी पडताना तुम्ही हरकत घेतली नाही, तर सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची ती हरकत अपिलात पहिल्यांदा घेता येत नाही असं २०१७ च्या निकालात म्हटलं आहे. हरकत तिथल्या तिथे, लेखी घ्या.

१२. कागदपत्रं समोरच्या कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. ती कशी काढायची?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली. समोरच्याकडे कोणते दस्तऐवज आहेत ते शपथेवर सांगायला लावता येतं, मग ते हजर करायला आणि पाहू द्यायला लावता येतात. कोर्टाचा तसा आदेश मोडला तर वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो. अर्जात मात्र नेमकेपणा हवा: ‘सर्व ईमेल’ असं मागितलं की अर्ज फेटाळला जातो. कोणाकोणातले, कुठल्या तारखांतले, कुठल्या ऑर्डरबद्दलचे, ते लिहा.

व्यापारी स्वरूपाचा वाद तीन लाख रुपयांपासून पुढचा असेल तर वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ ने बदललेला आदेश ११ लागतो आणि तो कडक आहे. ताब्यात असलेले सगळे संबंधित दस्तऐवज, आपल्या विरुद्ध जाणारे सुद्धा, दाव्यासोबत किंवा कैफियतीसोबतच (प्रतिवादीच्या लेखी उत्तरासोबतच) द्यावे लागतात, आणि ही जबाबदारी निकालापर्यंत सुरू राहते. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रिंट दिली तरी ती नोंद कुणाकुणातली, कशी तयार झाली, कुठे साठवली, प्रिंट कधी काढली हे शपथेवर सांगावं लागतं.

१३. व्हॉट्सॲप कंपनीकडून किंवा मोबाईल कंपनीकडून जुने मेसेज मागवता येतील का?

व्हॉट्सॲपचा मजकूर नाही. संभाषण दोन टोकांमध्येच उघडतं आणि पोचलेला मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर राहत नाही. म्हणजे पुरावा तुमच्या फोनमध्ये आहे किंवा समोरच्याच्या. मोबाईल कंपनीकडे कॉलचे तपशील असतात: कुणी, कुणाला, कधी, किती वेळ. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यापासून ते किमान दोन वर्षं ठेवावे लागतात. खासगी व्यक्तीला ते थेट मिळत नाहीत. दिवाणी कोर्टात समन्सचा अर्ज करा, फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम ९४ आहे. दोन वर्षांच्या आत.

१४. बदनामीची पोस्ट टाकली आणि दोन दिवसांनी उडवली. आता?

दिसत असतानाच पकडायला हवी होती, पण सगळं हातचं गेलेलं नाही. पोस्टचा पूर्ण पत्ता, खात्याच्या प्रोफाइलचा पत्ता (दिसणारं नाव कधीही बदलता येतं) आणि पोस्टची वेळ नोंदवा. ज्यांनी ती पाहिली, कॉमेंट केली, ते साक्षीदार होऊ शकतात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रारीवरून किंवा आदेशावरून काढलेला मजकूर मंचाने (फेसबुकसारख्या कंपनीने) १८० दिवस जपून ठेवायचा असतो. म्हणून तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक सांभाळा, आणि १८० दिवसांच्या आत कोर्टाचा किंवा पोलिसांचा आदेश मिळवा.

तुमच्या स्वतःच्या खात्यातलं काही हवं असेल तर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगल आपली माहिती उतरवून घेण्याची सोय देतात. बनावट खातं काढून समोरच्याच्या मित्रयादीत शिरू नका. मिळालेल्या चार फोटोंपेक्षा तुमच्या वागण्यावरच उलटतपास लांबतो.

१५. समोरच्याने किंवा मी मेसेज पुसले तर काय होतं?

कोर्टात हजर करावी लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद ती हजर होऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दिवाणीत न्यायालय असाही निष्कर्ष काढू शकतं की ती नोंद पुसणाऱ्याच्या विरुद्धच जाणारी होती. आपल्याला अडचणीचे मेसेज असतील तर ते न पुसता वकिलाला दाखवा. अडचणीच्या मेसेजवर उत्तर सापडतं, पुसलेल्यावर नाही.

१६. नवऱ्याचा किंवा बायकोचा फोन उघडून घेतलेले मेसेज, चोरून केलेलं रेकॉर्डिंग चालतं का?

१४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या प्रकरणात पत्नीशी झालेल्या संभाषणाचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुराव्यात घ्यायला परवानगी दिली. पतीपत्नींमधल्या बोलण्याला कायद्याने दिलेलं संरक्षण त्यांच्याच आपसातल्या दाव्यात आड येत नाही, असं त्यात म्हटलं. शिवाय कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १४ मुळे तिथे पुराव्याचे नियम सैल आहेत.

पण ते रेकॉर्डिंग स्वतः बोलत असतानाचं होतं. जोडीदाराचा पासवर्ड मिळवून ईमेल उघडणं, फोनमध्ये पाळत ठेवणारं ॲप टाकणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येऊ शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. पुरावा कदाचित आत येईल, आणि तुमच्यावर फिर्यादही.

१७. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण?

हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, म्हणून त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. प्रत घेताना डीव्हीआरवरचं घड्याळ आणि खरी वेळ शेजारी ठेवून फोटो काढा. कित्येक डीव्हीआर दहा-पंधरा मिनिटं पुढे-मागे असतात. दाखला चेअरमन-सेक्रेटरी किंवा यंत्रणा सांभाळणाऱ्याचा (प्रश्न ६), नाही म्हणाले तर प्रश्न १०.

१८. निळी टिक दिसली म्हणजे नोटीस मिळाली असं धरतात का?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अंमलबजावणीच्या प्रकरणात तसं धरलं: व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ पोचली आणि उघडलीही गेली हे टिकांवरून दिसतं. पण निळ्या टिका बंद ठेवता येतात, तेव्हा टिक नाही म्हणजे वाचलं नाही असा उलटा अर्थ निघत नाही. नोंदणीकृत टपाल सोडू नका.

१९. वकिलाशी झालेलं चॅट समोरच्याला मागता येतं का?

व्यावसायिक सल्ल्यासाठी झालेलं बोलणं कलम १३२ ते १३४ मध्ये सुरक्षित आहे. तेच चॅट तुम्ही मेहुण्याला फॉरवर्ड केलंत तर ती प्रत मेहुण्याकडची झाली, आणि वाद सुरू होतो. करू नका.

२०. मेसेज इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत आहेत, काही व्हॉइस मेसेज आहेत. कसे द्यायचे?

मूळ जसं आहे तसं, आणि सोबत देवनागरीत लिप्यंतर. ‘देतो ना बे, कायले घाई करतं’ असं असेल तर तसंच उतरवा, प्रमाण मराठीत ‘देईन, घाई नको’ करू नका. ‘देतो’ आणि ‘देईन’ यांवरच कबुलीचा वाद होतो. व्हॉइस मेसेजचा मजकूर लिहून काढताना कोण बोलतंय, कितव्या सेकंदाला, मध्ये काय ऐकू येत नाही, हे कंसात नोंदवा. आवाज ओळखणारा साक्षीदार ठरवून ठेवा, आणि समोरच्याने ‘आवाज माझा नाही’ म्हटलं तर आवाजाचा नमुना मागण्याचा अर्ज त्याच तारखेला तयार असू द्या.